वाचकांचे प्रश्न : मोठी ऑर्डर हाती घेण्यापूर्वी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. धंदा चालतो आहे, मागणी वाढते आहे, आता पुढचे पाऊल कसे टाकावे, असे पत्रलेखक विचारतात. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातली अडचण केवळ मसाल्याच्या धंद्यापुरती नाही.

प्रश्न : मी सांगलीत आठ वर्षांपासून कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी तयार करून विकते. माझ्याबरोबर सहा महिला काम करतात. महिन्याला सरासरी अडीच लाखांची विक्री होते आणि बहुतेक पैसे रोख मिळतात. शंभर रुपयांच्या विक्रीमागे कच्चा माल, मजुरी, पॅकिंग आणि वाहतूक मिळून ८० रुपये खर्च येतो. पुण्यातील किराणा दुकानांच्या एका साखळीने दरमहा ५ लाखांचा माल मागितला आहे, पण बिलाचे पैसे ६० दिवसांनी देऊ असे त्यांचे म्हणणे आहे. अशी संधी पुन्हा येणार नाही, असे घरचे म्हणतात. ऑर्डर घ्यावी का?

उत्तर : घ्यावी, परंतु आज ती ज्या अटींवर आणि ज्या आकाराची पुढे आली आहे, तशी घेऊ नये. शंभरामागे २० रुपये सुटतात, म्हणजे ५ लाखांवर महिन्याला १ लाख मिळतील, हा हिशेब आपण केलाच असेल. तो चुकीचा नाही, पण ते १ लाख हातात पडण्यापूर्वी आपले किती पैसे अडकून पडतील, हे तो सांगत नाही.

मिरची, धने, खोबरे आणि कांदा-लसूण यांचे पैसे आपण बिल करण्याच्या साधारण महिनाभर आधी मोजता. त्यानंतर ६० दिवसांची उधारी आहे, आणि साठाव्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले असे सहसा घडत नाही. बिल तपासणे, मालाची नोंद जुळवणे, खरेदी विभागाची सही होणे यांत आणखी पंधरा दिवस जातात. म्हणजे आपल्या हातून पैसा बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत १०५ दिवस, साडेतीन महिने होतात. दरमहा खर्च ४ लाखांचा, म्हणून साडेतीन महिन्यांत १४ लाख रुपये या एकाच गिऱ्हाइकामागे गुंततात. महिन्याला अडीच लाखांची विक्री असलेल्या उद्योगात ही रक्कम पडून नसते. मग ती दागिन्यांवरच्या कर्जातून, नातेवाइकांच्या हातउसन्यातून किंवा बायकांची मजुरी लांबवून उभी केली जाते, आणि ऑर्डर पुरी होण्याआधीच धंद्याला घरघर लागते. बँकेच्या लघुउद्योग कर्ज विभागात काम करताना मी अशी अनेक खाती जवळून पाहिली. त्यांतले बहुतेक उद्योग मागणी घटल्यामुळे अडचणीत आले नव्हते, तर मागणी एकदम वाढल्यामुळे आले होते.

मसाल्याच्या धंद्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचे नवे पीक उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येते आणि वर्षाची खरेदी तेव्हाच करून ठेवण्यात शहाणपण असते. विक्री तिप्पट होणार असेल तर ती खरेदीही तिप्पट होईल. म्हणून वरचे १४ लाख हा सरासरी महिन्याचा आकडा आहे. हंगामात तो बराच पुढे जाईल, आणि शीतगृहाचे भाडे त्यात धरलेले नाही.

आता हे पैसे आणायचे कोठून? रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशीवरून लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोजच्या व्यवहारात फिरणाऱ्या पैशाची, गरज ठरवण्याची एक सोपी पद्धत रूढ झाली आहे. येत्या वर्षीच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के रक्कम खेळते भांडवल म्हणून लागेल असे मानायचे, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतः घालायचे. आपली वाढीव उलाढाल वर्षाला ६० लाखांची धरली तर गरज १५ लाखांची निघते, त्यांपैकी १२ लाख बँकेचे आणि ३ लाख आपले. वर काढलेल्या १४ लाखांच्या गरजेशी हा आकडा जुळतो, हे आपण पाहालच. पण बँक ही अपेक्षित उलाढाल केवळ आपल्या शब्दावर मान्य करत नाही. मागील दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँक खात्यातून झालेली विक्री आणि हातातली लेखी ऑर्डर ती पाहते. आजवरची विक्री रोखीत झाली आणि खात्यात आलीच नसेल, तर आठ वर्षांच्या कष्टांचा पुरावा कागदावर शून्य ठरतो. म्हणून यापुढे दर दिवसाची रोख विक्री चालू खात्यात भरण्याची सवय लावा.

त्याबरोबर उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी, करून घ्या. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही लागत नाही, म्हणून ती करून देण्याचे पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. आपण त्यात सहज बसता. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्याला लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, ती प्रत्यक्ष दिल्यावरच दाखवता येते. साखळीच्या हिशेबनिसाला ही तरतूद चांगली ठाऊक असते. म्हणून ६० दिवसांची अट कायद्यात बसत नाही हे पहिल्याच बैठकीत नम्रपणे सांगा, उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा आणि ४५ दिवसांचा उल्लेख खरेदी आदेशात करून घ्या. केवळ या पंधरा दिवसांमुळे आपली गुंतवणूक १४ लाखांवरून १२ लाखांवर येते. माल देण्यास सुरुवात करण्यापूर्वीच नोंदणी झालेली असावी, हे मात्र विसरू नका.

कराचा प्रश्नही याच वेळी उभा राहतो. आज आपली वार्षिक विक्री ३० लाखांची आहे, म्हणून वस्तूंच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात असलेल्या ४० लाखांच्या मर्यादेखाली आपण जीएसटीबाहेर आहात. ही ऑर्डर घेतली की विक्री ९० लाखांवर जाईल आणि नोंदणी अनिवार्य होईल. दीड कोटींपर्यंतच्या उत्पादकाला १ टक्का कर भरण्याची कॉम्पोझिशन योजना आहे. ती कागदपत्रांच्या दृष्टीने सोपी आहे, पण त्या योजनेत असताना गिऱ्हाइकाकडून कर वसूल करता येत नाही आणि खरेदीदाराला आपल्या बिलावर कराची वजावट मिळत नाही. साखळी दुकानांना ही वजावट हवी असते, म्हणून आपल्याला बहुधा नियमित नोंदणीच घ्यावी लागेल. त्याचबरोबर उलाढालीच्या मानाने अन्नसुरक्षेची नोंदणी पुरेशी आहे की परवाना लागतो, हे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. अन्नसुरक्षा नोंदणीचा किंवा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क हे सारे पाकिटावर असल्याशिवाय साखळीचे गोदाम माल उतरवूनच घेत नाही.

शंभरामागे २० रुपये सुटतात, या आकड्याकडे पुन्हा एकदा पाहू. त्या ८० रुपयांत आपला स्वतःचा पगार धरलेला आहे का? पत्रावरून तसे दिसत नाही. साखळीकडून फुटलेली किंवा मुदत संपत आलेली पाकिटे परत येतात. ती विक्रीच्या ३ टक्के धरली तर १५ हजार जातात. बँकेच्या १२ लाखांच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, ११ टक्के व्याज धरले तर महिन्याला ११ हजार होतात. वाढीव कामावर देखरेख करणारी एक जाणकार बाई ठेवावी लागेल, तिचे २० हजार धरा. १ लाखातून हे सारे वजा जाता ५४ हजार उरतात. ही रक्कम वाईट नाही आणि त्यासाठी पुढे जाणे योग्यच आहे. पण निर्णय १ लाखाच्या आशेवर न घेता या ५४ हजारांवर घ्यावा. साखळीने सवलतीच्या योजनेत सहभाग किंवा मांडणीचे पैसे मागितले तर ते याच ५४ हजारांतून जातील. म्हणून परत येणाऱ्या मालाची टक्केवारी आणि सवलतींचा भार कोणाचा, हे आधी लेखी ठरवा.

पैशाइतकीच तयारी हातांची लागते. आज मसाला किती भाजायचा हे आपल्या नजरेवर आणि नाकावर ठरते. सात जणींत ते चालते, पंधरा जणींत चालणार नाही. प्रत्येक घटक तोळामाशाने मोजून, भाजण्याचा वेळ आणि तापमान नोंदवून प्रत्येक मसाल्याची कृती लिहून काढा. दर घाण्याला क्रमांक द्या आणि त्यातले एक पाकीट मुदत संपेपर्यंत राखून ठेवा. तक्रार आली तर कोणता घाणा, कोणत्या दिवशीची मिरची, हे पाच मिनिटांत सांगता आले पाहिजे. लिहिलेल्या कृतीवरून दुसऱ्या बाईने केलेला मसाला आणि आपण केलेला मसाला जुन्या गिऱ्हाइकांना वेगळा ओळखता आला नाही, की उत्पादन वाढवायला हरकत नाही.

माझे मत असे की साखळीशी पहिले सहा महिने दरमहा दीड ते दोन लाखांचा, शक्यतो दोनच मसाल्यांचा व्यवहार ठरवा. भाजणी लवकर खवट होते, ती या टप्प्यात देऊ नका. ५ लाखांची ऑर्डर तशीच स्वीकारली तर आपल्या विक्रीचा दोन-तृतीयांश भाग एकाच गिऱ्हाइकाच्या हाती जातो, आणि त्यांचा खरेदी अधिकारी बदलला तरी आपल्या चुली थंड पडू शकतात. सहा महिन्यांत पैसे वेळेवर आले, परतीचा माल मर्यादेत राहिला आणि बँकेची मर्यादा मंजूर झाली, की मग रक्कम वाढवा. खरोखर माल हवा असलेला खरेदीदार एवढी वाट पाहतो.

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, जॉबवर्क करतो. कामाची रांग लागली आहे, म्हणून २५ लाखांचे नवे व्हीएमसी, म्हणजे धातू कापून आकार देणारे संगणकनियंत्रित, मशीन घ्यावे म्हणतो. बँक २० लाख देण्यास तयार आहे. तासाला ४५० रुपये दर मिळतो. घ्यावे का?

उत्तर : रांग नेमकी कोठे लागली आहे, हे आधी पाहा. पुष्कळ ठिकाणी मशीन काम करत नसते, कारण फिक्श्चर, म्हणजे भाग धरून ठेवणारी चौकट, बदलायला दोन तास जातात, कास्टिंग वेळेवर येत नाही किंवा तपासणीसाठी एकच माणूस असतो. आठवडाभर प्रत्येक मशीनजवळ एक वही ठेवा आणि मशीन का थांबले, किती वेळ थांबले, एवढेच तीत लिहायला सांगा. थांबण्याचे कारण मशीनच्या बाहेरचे निघाले, तर नवे मशीनही त्याच कारणासाठी थांबेल.

खरोखरच मशीनचे तास कमी पडत असतील, तर हिशेब असा आहे. २० लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जावर साडेदहा टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता सुमारे ४३ हजार येतो. आठ तासांची एक शिफ्ट आणि २५ दिवस धरले तर २०० तास होतात, पण सुरुवातीला त्यांतले ७० टक्केच बिलात येतील, म्हणजे १४० तास आणि ६३ हजार रुपये. ऑपरेटरचे २० हजार आणि वीज-टूल्सचे तासाला ११० रुपये धरले, तर हप्त्यासह खर्च ७८ हजारांवर जातो. म्हणजे एका शिफ्टवर हे मशीन दरमहा १५ हजार रुपये खाईल. दोन शिफ्टमध्ये २८० तास भरले तर १ लाख २६ हजार येतील, खर्च सुमारे १ लाख १४ हजार होईल आणि १२ हजार उरतील. त्यांत घसारा आणि आपण घातलेल्या ५ लाखांचा मोबदला अजून धरलेला नाही. म्हणून प्रश्न दोन शिफ्टचे काम वर्षभर मिळेल का, हा आहे. त्याचे उत्तर आपल्या आशेत न शोधता दोन-तीन फाउंड्रींच्या लेखी वेळापत्रकात शोधा. ते मिळेपर्यंत आहे त्याच मशीनवर दुसरी शिफ्ट चालवणे स्वस्त पडेल, कारण तेथे हप्ता नाही, फक्त माणूस आणि वीज आहे.

मशीन घ्यायचे ठरलेच तर आपला ५ लाखांचा हिस्सा कॅश क्रेडिट खात्यातून उचलू नका. त्या खात्यातला पैसा फिरता असतो आणि तो लोखंडात अडकला की पुढच्या महिन्याच्या मजुरीला हात आखडतो. बँकेने जागा तारण मागितली तर सन २००० पासून कार्यरत असलेल्या सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीच्या पतहमी न्यासाचे, म्हणजे सीजीटीएमएसईचे, संरक्षण घेण्याबाबत व्यवस्थापकांना लेखी विचारा. त्याचे शुल्क लागते, पण घर तारण ठेवण्यापेक्षा ते परवडते.

प्रश्न : सावंतवाडीत आमचा काजू आणि कोकम आगळाचा लहान उद्योग आहे. वर्षाची विक्री १८ लाख आहे. म्हापसा आणि पणजीतील दुकानदार माल मागतात. विक्री ४० लाखांच्या आत असल्याने जीएसटी लागणार नाही ना? आमच्या नावाची नोंदणी आता करावी की पुढे?

उत्तर : लागेल. ४० लाखांची सवलत राज्यांतर्गत विक्रीपुरती आहे. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवायची असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे, आणि सावंतवाडीहून म्हापसा कितीही जवळ असले तरी मध्ये राज्याची सीमा आहे. कॉम्पोझिशन योजनेतून परराज्यात विक्री करता येत नाही, म्हणून नियमित नोंदणीच घ्यावी. दुकानात येऊन रोखीने माल घेऊन जाणाऱ्या पर्यटकाची गोष्ट वेगळी, ती विक्री साधारणपणे स्थानिक धरली जाते. नोंदणीला घाबरू नका. ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला विवरणपत्र तिमाहीला भरण्याची सोय आहे आणि बाटल्या, लेबले, खोकी यांवर भरलेल्या कराची वजावट आपल्याला मिळू लागेल.

नावाची नोंदणी आजच करा, कारण माल सीमेपलीकडे गेला की नावही जाते. ट्रेडमार्कच्या वर्गवारीत काजूगर २९ व्या वर्गात आणि कोकम सरबताचे पाक ३२ व्या वर्गात येतात. उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. वेंगुर्ला काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या मानांकनाचे बोधचिन्ह पाकिटावर छापायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते.

प्रश्न : सोलापुरात वडिलांनी शालेय गणवेशांचा कारखाना उभा केला. १४ कामगार आहेत. मी आता पूर्णवेळ काम पाहतो, पण कापडाच्या खरेदीपासून सुतळीच्या गुंडीपर्यंत सर्व निर्णय वडीलच घेतात. घरखर्चही त्याच खात्यातून होतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली तर हे सुधारेल का?

उत्तर : कंपनी केल्याने वडिलांचा स्वभाव किंवा खात्याची सवय बदलणार नाही. उलट लेखापरीक्षण, वार्षिक विवरणे आणि सभांच्या नोंदी यांची भर पडेल. नवा पॅन म्हणजे नवा जीएसटी क्रमांक, जुन्या खात्यातील कराची शिल्लक नव्या खात्यात वळवणे, बँकेची कर्जे नव्याने करणे, हे सारे एकाच हंगामात अंगावर येईल. तरीही मालकी हक्काच्या धंद्यात मालक आणि धंदा कायद्याच्या दृष्टीने एकच असतात आणि धंद्याचे देणे घरापर्यंत येते, ही गोष्ट काळजीची आहे. त्यासाठी मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, हा मधला मार्ग आहे. तिची उलाढाल ४० लाखांच्या किंवा भागीदारांचे भांडवल २५ लाखांच्या पुढे गेले की लेखापरीक्षण लागते. आपल्याला ते लागेल असे धरून चाला.

पण त्याआधी वडिलांना आणि स्वतःला दरमहा ठरावीक पगार सुरू करा आणि घरखर्च त्या पगारातूनच चालवा. वर्षभर असे झाले की गणवेशाच्या एका जोडीमागे खरोखर काय सुटते, ते पहिल्यांदाच दिसेल. या कामात वडिलांना विरोधक समजू नका. कोणत्या शाळेचे पैसे कधी येतात, कोणत्या व्यापाऱ्याचे कापड धुतल्यावर आटते, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि ते कोणत्याही वहीत नाही. मुख्य हंगाम एप्रिल ते जूनचा असतो. पावसाळ्यानंतर काम सैल झाले की त्यांच्याजवळ बसून हे सारे शाळावार आणि व्यापारीवार लिहून घ्या. त्यांचे ज्ञान लिहून घेणारा मुलगा आणि त्यांचे अधिकार काढून घेणारा मुलगा यांतला फरक कोणत्याही वडिलांना कळतो. मग ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी आपण त्यांना न विचारता करायची आणि त्यावरची दोघांनी मिळून, असे ठरवा. पहिली मर्यादा २५ हजारांची असली तरी चालेल. हंगाम सुरळीत गेला की ती वाढवून घ्या.

कामगारांबाबत एक गोष्ट तातडीने पाहा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते, म्हणजे आपल्याला ती आजच लागू आहे. मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के असतो. हंगामासाठी माणसे वाढवताना संख्या २० वर गेली की भविष्य निर्वाह निधीही लागू होईल आणि मूळ वेतन व महागाई भत्त्यावर साधारण १२ टक्के वाटा मालकाला भरावा लागेल. पुढच्या वर्षीचे शाळांचे दर ठरवण्यापूर्वी हा खर्च शिलाईच्या दरात धरा, कारण दर एकदा कळवले की पुढच्या जूनपर्यंत ते बदलता येत नाहीत.